परतीच्या खेपेची सॅक

सप्टेंबर लागला की अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत, कोलोराडो, मोंटाना, वायोमिंग, आयडाहोमध्ये, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. आधी धनुष्यबाणाचा, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंदुकीचा. परवाना मिळालेले शिकारी पाठीवर आठवड्याचा शिधा, तंबू आणि स्लीपिंग बॅग घेऊन रस्त्यापासून पाच-सात किलोमीटर आत शिरतात आणि उंचावरच्या रानात मुक्काम टाकतात. या मंडळींच्या गप्पांत बंदूक, दुर्बीण आणि बूट यांचा मान पहिल्यापासून मोठा. आता तितक्याच हिरिरीनं वाद होतो तो सॅकवर. फ्रेम आतली की बाहेरची, अ‍ॅल्युमिनियमची की कार्बनची, कापड जाड की हलकं, पाचशे डॉलरची घ्यावी की आठशेची.

या सगळ्या वादाचा आढावा घ्यायचा तर आधी एक कसोटी ठरवायला हवी. माझ्या मते ती अशी: शिकारीची सॅक पारखायची ती परतीच्या खेपेवर. जाताना पाठीवर पंधरा-वीस किलो असतात. तेवढं कुठलीही बरी ट्रेकिंगची सॅक वाहून नेते. जनावर पडल्यावर त्याच सॅकमधून तीस-पस्तीस किलो मांस उतारावरून, आडव्या पडलेल्या झाडांवरून, बऱ्याचदा अंधारात बाहेर आणायचं असतं. त्या वेळी ती कशी वागते, यावरच तिची किंमत ठरते.

भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. तरीही हा विषय मराठी वाचकानं समजून घ्यावा असा आहे. जड ओझं माणसाच्या पाठीवरून सुखरूप कसं न्यायचं, या फार जुन्या प्रश्नाला या सॅक बनवणाऱ्यांनी जितक्या बारकाईनं हात घातला तितका फार थोड्यांनी घातला असेल. सह्याद्रीत किंवा हिमालयात सॅक पाठीला लावणाऱ्या प्रत्येकाला त्यातून काही ना काही घेता येतं.

ओझं येतं कुठून

पूर्ण वाढ झालेला नर एल्क साधारण तीनशे किलोचा असतो. कातडं, आतडी, हाडं वगळून त्याचं ८० ते ११० किलो मांस निघतं. शंभर किलो धरू. एका खेपेला तीस किलोच्या आसपास उचलायचे म्हटले तरी एकट्या माणसाला चार खेपा होतात. जनावर गाडीपासून पाच किलोमीटरवर पडलं असेल तर चार वेळा भरल्या पाठीनं बाहेर आणि तीन वेळा रिकाम्या पाठीनं आत, म्हणजे पस्तीस किलोमीटरची चाल, तीही चढउताराची. अलास्कातल्या मूस या त्याहून थोराड हरणाच्या मोठ्या नराचं मांस तर सव्वादोनशे किलोच्या घरात जातं. उलट, म्यूल डिअर या लहान हरणाचं मांस पंचवीस-तीस किलोच भरतं आणि धडधाकट माणूस ते एका खेपेत आणू शकतो. कशाची शिकार करणार, हे आधी ठरल्याशिवाय कुठली सॅक घ्यावी याचं उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

हे ओझं टाळण्याची सोय कायद्यानं ठेवलेली नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. अलास्काचे नियम सगळ्यांत कडक. तिथे शिंगं आधी आणि मांस मागाहून असं चालत नाही. शिंगं बाहेर येतात ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर. काही भागांत पुढचे पाय, मागचे पाय आणि बरगड्या यांचं मांस रानातून बाहेर येईपर्यंत हाडावरच ठेवावं लागतं. म्हणजे हाडांचं वजनही पाठीवर आलं.

दुसरा कायदा भूमीचा. १९६४च्या वाइल्डरनेस अ‍ॅक्टखाली राखलेल्या प्रदेशांत इंजिनावर चालणारं वाहन नेता येत नाही. सायकल चालत नाही, मांस ओढून आणायची दोनचाकी हातगाडीही चालत नाही. घोडे आणि खेचरं चालतात, पण ती पाळणं किंवा भाड्यानं घेणं प्रत्येकाला परवडत नाही. उरते ती स्वतःची पाठ.

तिसरं बंधन हवेचं. सप्टेंबरात दुपारी ऊन तापतं. जाड मांडीच्या आत, हाडालगत उष्णता अडकून राहिली की तिथलं मांस आधी नासतं. म्हणून कातडं लगेच काढायचं, मांस हवा लागेल अशा कापडी पिशव्यांत सावलीला टांगायचं आणि खेपा लवकर संपवायच्या. खांद्याला रग लागली म्हणून अर्ध्या वाटेत दर दहा मिनिटांनी बसायला लावणारी सॅक अशा वेळी मांसाचंच नुकसान करते.

फ्रेमचा शंभर वर्षांचा प्रवास

ओझं वाहण्याचा जुना मार्ग कपाळपट्टीचा. कॅनडातले फर-व्यापाराचे नावाडी एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना नव्वद-नव्वद पौंडांची, म्हणजे सुमारे एकेचाळीस किलोंची, दोन गाठोडी एकदम कपाळपट्टीवर पेलत. नेपाळचे हमाल आजही डोको नावाची टोपली नाम्लो नावाच्या पट्टीनं डोक्यावर तोलतात. २००५ साली बेल्जियमच्या संशोधकांनी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या या हमालांची मोजमापं घेतली, तेव्हा पुरुषांच्या पाठीवरचं ओझं सरासरीनं त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या वर भरलं. पण हे बळ लहानपणापासूनच्या सवयीचं आहे. वर्षातले पन्नास आठवडे टेबलाशी बसणाऱ्या माणसाच्या मानेला ते एकाएकी झेपणार नाही.

अशा माणसासाठी फ्रेम आली. नॉर्वेच्या ओले बर्गन यांच्याबद्दल असं सांगतात की १९०८च्या सुमारास सशांच्या शिकारीत पाठीवरची पिशवी टोचू लागली, तेव्हा त्यांनी जुनिपरची फांदी पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवून पिशवीला बांधली. त्यातूनच त्यांची फ्रेमची सॅक जन्मली. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या लॉइड नेल्सन यांनी लाकडी चौकट आणि पाठीला टेकणारा ताणलेला कॅनव्हास अशी ‘ट्रॅपर नेल्सन’ फळी पेटंट केली. शिकारी, वनरक्षक, भूमापन करणारे अशा कित्येक पिढ्यांनी ती वापरली. तिचा दोष एकच, पण मोठा: सगळं वजन खांद्यावर.

तो दोष दूर केला कॅलिफोर्नियातल्या डिक आणि नेना केल्टी या जोडप्यानं. डिक केल्टींच्या लक्षात आलं की चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली की खांदे मोकळे होतात, कारण भार कमरेवर उतरतो. मग त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, पाठीच्या आकाराला वळवलेली फ्रेम केली आणि तिला कंबरपट्टा जोडला. १९५२ पासून हे दोघं आपल्या घरातून या सॅक विकू लागले. १९६३च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेतही केल्टीच्या सॅक होत्या.

१९६७ साली ग्रेग लोव्ह यांनी फ्रेम सॅकच्या पोटात घेतली. गिर्यारोहकांना ते वरदान ठरलं. सॅक अंगाला चिकटून राहू लागली, कड्यावर तोल सांभाळता येऊ लागला. पुढच्या दोन-तीन दशकांत ट्रेकिंगच्या बाजारातून बाहेरची फ्रेम जवळजवळ हद्दपार झाली. शिकाऱ्यांनी मात्र ती सोडली नाही. त्यांना लागणारं वजन पेलायला आतल्या फ्रेमच्या हलक्या पट्ट्या अपुऱ्या पडत. पट्टी वाकली की सॅक बसकण मारते आणि भार पुन्हा खांद्यावर येतो.

आजची शिकारीची सॅक या दोन परंपरांच्या संगमातून आली आहे. फ्रेम बाहेरच्या फ्रेमइतकी ताठ, पण अंगाला आतल्या फ्रेमसारखी लागून, आणि पिशवी तिच्यापासून सोडवता येणारी. या पद्धतीला आकार देणाऱ्यांत दोन नावं घ्यावी लागतात. एक पॅट्रिक स्मिथ, ज्यांनी १९७९ मध्ये माउंटनस्मिथ आणि १९९७ मध्ये किफारू सुरू केली. दुसरे डॅना ग्लीसन. १९७५ साली क्लेटरवर्क्स, १९८५ साली डॅना डिझाइन आणि २००० साली रेने सिपल-बेकर यांच्याबरोबर मिस्टरी रँच, असं त्यांचं सारं आयुष्य पाठीवरच्या ओझ्याशी झुंजण्यात गेलं. मिस्टरी रँचनं सैनिकांसाठी आणि वणवे विझवणाऱ्या दलांसाठी सॅक बनवल्या. तिथे मिळालेला अनुभव शिकारीच्या सॅकमध्ये उतरला.

वजन शरीरात कुठे बसतं

सगळं वजन कमरेवर घ्या, असं दुकानात सांगतात. २००४ साली अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी कंबरपट्टा असलेल्या फ्रेमच्या सॅकवर हे प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा उभ्या भाराचा सुमारे तीस टक्के भागच कमरेकडे गेला होता. बाकीचा खांदे आणि पाठीच्या वरच्या भागावर होता. शिकारीच्या सॅकमधली बहुतेक कारागिरी कमरेचा हा वाटा वाढवण्यासाठी खर्ची पडते.

पट्टे तासन्‌तास खांद्यात रुतले तर हाताकडे जाणाऱ्या नसा दबतात. हात बधिर होतो, कधी उचलताच येत नाही. सैन्यात याला रकसॅक पाल्सी म्हणतात, आणि फ्रेम व कंबरपट्टा असला की त्याचं प्रमाण घटतं. उलट, कंबरपट्टा चुकीच्या जागी करकचून आवळला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर होते. दोन्हींवर उपाय एकच: माप बरोबर घेणं.

माप उंचीवर ठरत नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान पुढे वाकवली की तळाशी एक मणका ठळक हाताला लागतो. तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरायची. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. त्यानं उंची सांगून मागवलेली सॅक त्याला कधीच बसणार नाही. बायकांच्या बाबतीत पट्ट्याचा कोन आणि खांद्यांची रुंदी हे दोन्ही वेगळे लागतात. ज्या कंपन्या बायकांसाठी पट्टे वेगळे घडवतात त्यांच्याकडेच जावं. पुरुषी सॅकचा लहान आकार हा त्यावर उतारा नाही.

कंबरपट्टा पोटावर बसता कामा नये. त्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर यावा आणि तो दोन्ही बाजूंनी हाडाला कवेत घेणारा हवा. हंगामाच्या शेवटी माणूस दोन-चार किलो उतरतो, म्हणून नवीन असताना तो शेवटपर्यंत आवळलेला नसावा, आवळायला जागा उरावी. खांद्याच्या पट्ट्यांच्या वरून फ्रेमकडे जाणारे दोन बारीक पट्टे असतात. लोड लिफ्टर म्हणतात ते. ते ओढले की ओझं पाठीकडे खेचलं जातं आणि खांदे हलके होतात. पण फ्रेमचं टोक खांद्याच्या चांगलं वर असेल तरच त्यांना ओढायला कोन मिळतो. ट्रेकिंगच्या अनेक सॅकची फ्रेम खांद्याच्या पातळीलाच संपते. तिथे हे पट्टे फक्त शोभेचे. शिकारीच्या फ्रेम चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस इंचांच्या मिळतात त्या यासाठीच. फार उंच फ्रेम झाडोऱ्यात अडकते, म्हणून दाट रानात फिरणारे थोडी आखूड पसंत करतात.

मांस ठेवायची जागा

या सॅकचा सगळ्यांत कळीचा भाग म्हणजे फ्रेम आणि पिशवी यांच्यामधली मांसाची जागा, जिला लोड शेल्फ म्हणतात. पिशवीचे बाजूचे पट्टे सैल करायचे, ती फ्रेमपासून पुढे झुकते आणि मध्ये फट उघडते. खाली कापडाचा छोटा झोळ असतो. त्यावर मांसाची पिशवी उभी ठेवायची आणि पट्टे पुन्हा आवळायचे. आता मांस पाठीला लागून आणि हलकं सामान त्याच्या मागे.

यातला फरक साधा आहे. पाण्याची भरलेली बादली अंगाशी धरली तर दोन जिने चढता येतात. तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत हात भरून येतो. सॅकच्या बाहेरच्या बाजूला लटकवलेलं तीस किलो मांस माणसाला मागे ओढत राहतं, तोल सावरायला तो पुढे वाकतो आणि कंबर धरते. मांस पाठीशी आलं की तो सरळ चालू शकतो.

इथे आणखी एक बारकावा आहे. मांस आकारानं फार नसतं. तीस किलो मांस तीस लिटरपेक्षाही कमी जागेत बसतं. त्यामुळे ‘एवढं मांस आणायचं तर केवढी मोठी सॅक हवी’ हा विचारच चुकीच्या दिशेनं जातो. अडचण जागेची नसून एवढ्याशा जागेत एकवटलेल्या वजनाची आहे. त्यातही हाडावरचं मांस आणि हाड काढलेलं मांस वेगळं वागतं. एल्कची मागची तंगडी हाडासकट पंचवीस-तीस किलोंची, ताठ असते. एकदा बांधली की हलत नाही. हाड काढलेलं मांस ओल्या वाळूसारखं खाली घसरतं आणि नितंबांवर लोंबतं. ते वर, खांद्याच्या दोन पाखांच्या मध्ये राहावं म्हणून खाली एखादा गुंडाळलेला कोट किंवा स्लीपिंग बॅग द्यावी लागते. हरणांच्या मेंदूला होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजमुळे अनेक राज्यांनी डोकं आणि पाठीचा कणा दूरवर नेण्यावर निर्बंध घातले आहेत, म्हणून आता बरेच जण हाडं रानातच काढतात. लोड शेल्फचे पट्टे किती घट्ट आवळता येतात, हे तपासणं त्यामुळे अधिकच गरजेचं झालं आहे.

भरलेली सॅक उचलण्याचीही रीत आहे. सगळे पट्टे सैल सोडायचे. शक्य तर उतारावर, सॅकला पाठ टेकवून बसायचं, हात घालायचे, एका गुडघ्यावर यायचं आणि काठीचा आधार घेऊन उभं राहायचं. मग खांदे उचलून आधी कंबरपट्टा आवळायचा. त्यानंतर खांद्याचे पट्टे, पण फक्त टेकतील इतके. मग लोड लिफ्टर आणि शेवटी छातीचा पट्टा. हा क्रम उलटा केला तर भार खांद्यांवर अडकतो आणि मागाहून कितीही ओढाताण केली तरी कमरेवर उतरत नाही.

कापड, शिवण आणि चेन

कापडाची जाडी डेनियरमध्ये सांगतात: नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. पाचशे डेनियरचा नायलॉन कॉर्ड्युरा हे शिकारीच्या सॅकचं रुळलेलं कापड. एक हजार डेनियर त्याहून चिवट, पण जड, आणि भिजलं की आणखी जड. ज्या सॅकला खडकावरून घासत जायचंय तिच्या तळाला जाड आणि वर हलकं कापड, ही मला सर्वांत शहाणपणाची योजना वाटते. शिडाच्या कापडावरून आलेलं एक्स-पॅकसारखं थरांचं कापड हलकं असतं आणि पाणी शोषत नाही, मात्र नवेपणी कुरकुरतं. ट्रेकरला त्याचं काही वाटणार नाही. वीस पावलांवर एल्क उभा असताना धनुष्य ताणणाऱ्याला फार वाटेल. वेल्क्रोच्या कप्प्यांबद्दल त्याची हीच तक्रार असते.

सॅक फाटते ती मात्र क्वचितच कापडाच्या मध्यात. ती शिवणीत उसवते. खांद्याचा पट्टा फ्रेमला जिथे जोडला जातो, कंबरपट्टा जिथे सुरू होतो, आवळायच्या पट्ट्यांची मुळं जिथे आहेत, तिथे आडवे दाट टाके घातलेले हवेत. दुकानात सॅक उलटी करून आतली कड बघावी: कच्ची कड फितीनं बांधलेली आहे का, टाके सुटे आहेत का. चेन मोठ्या दातांची आणि सहज सरकणारी हवी. रक्तानं आणि चिखलानं माखलेल्या हातांनी ती उघडायची असते. बक्कल बदलता येईल असं हवं. शिवून बसवलेलं बक्कल रानात तुटलं की तो पट्टा गेला.

धुण्याची गोष्ट बोलली जात नाही, पण महत्त्वाची आहे. मांस कापडी पिशवीत असलं तरी रक्त झिरपतंच. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात रक्ताच्या वासाची सॅक तंबूपाशी ठेवणं धोक्याचं. पिशवी फ्रेमवरून काढून गार पाण्यात धुता आली पाहिजे. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो.

किती लिटर, किती कप्पे

दिवसभराच्या फेरीला तीस ते पस्तीस लिटर पुरतात. तीन ते पाच दिवसांच्या मुक्कामाला पासष्ट ते ऐंशी, आणि आठवडाभर किंवा अधिक राहायचं तर शंभरच्या आसपास. कडाक्याच्या थंडीत कपडे फुगतात, तेव्हा जागा थोडी जास्त धरावी. या बाबतीत फ्रेम आणि पिशवी वेगळी असण्याचा फायदा मोठा आहे: एकाच फ्रेमला लहान-मोठ्या पिशव्या लावता येतात. ज्याला एकच पिशवी घ्यायची आहे त्यानं मोठी घ्यावी, पण ती रिकामी असताना चपटी आवळता येते ना, हे पाहून.

कप्प्यांच्या मोहात माणूस फसतो तो इथे. प्रत्येक कप्पा म्हणजे जास्त कापड, जास्त शिवण, जास्त चेन. रोजच्या गरजेला फार थोडं लागतं: दुर्बिणीच्या तिपाईला बाजूचा लांब खिसा, पाणी, कंबरपट्ट्यावर खाऊ. बंदूक सॅकला लावता आली तर चढताना हात मोकळे राहतात. अस्वलाला दूर ठेवायचा फवारा मात्र सॅकच्या आत कधीच नको. तो छातीशी किंवा कमरेला, हात घातला की मिळेल असा. छातीवरचा दुर्बिणीचा खिसा आणि सॅकचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत ना, हे दोन्ही एकदम घालूनच कळतं.

सुरक्षेचा एक मुद्दा सॅकशी थेट जोडलेला आहे. बंदुकीच्या हंगामात कोलोराडोत ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी रंग अंगावर असावा लागतो, मोंटानात ४०० चौरस इंच केशरी. मोठी सॅक पाठीवरचं ते जाकीट झाकून टाकते. म्हणून सॅकवर केशरी आवरण घालावं, आणि शिंगं बांधून आणत असाल तर त्यांना केशरी फीत नक्की बांधावी. झाडीतून हलत जाणारी शिंगं पाहून दुसऱ्या शिकाऱ्याची गफलत होऊ नये.

बाजारात कोण काय करतं

आज या क्षेत्रात मोठ्या ट्रेकिंग कंपन्यांपेक्षा डोंगराच्या पायथ्याच्या छोट्या कंपन्यांचं नाव जास्त आहे. मोंटानाच्या बोझमनमध्ये दोन महत्त्वाच्या. मिस्टरी रँच, जिची सॅक जड पण कमालीची टिकाऊ. २०२४ मध्ये ती यती या कंपनीनं घेतली. आणि कर्ट रॅसिको यांनी २०१२ मध्ये सुरू केलेली स्टोन ग्लेशियर, जिनं डोंगरी मेंढ्यांच्या शिकाऱ्यांसाठी वजन कमी करण्यावर भर दिला. आयडाहोच्या बॉयसीतली एक्सो माउंटन गियर टायटॅनियमच्या फ्रेमसाठी ओळखली गेली. त्याच गावातल्या एबरलस्टॉकचे संस्थापक ग्लेन एबर्ली १९८४च्या हिवाळी ऑलिंपिकमधले बायथलॉनपटू, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी जोडलेल्या खेळाचे खेळाडू. बंदूक सॅकमध्येच ठेवायची सोय ही त्यांच्या कंपनीची खूण. कोलोराडोतली किफारू जड ओझ्यासाठी, तर सीक आउटसाइड नळ्यांच्या बाह्य फ्रेमला हलकं कापड जोडण्यासाठी प्रसिद्ध आहे. अलास्कातल्या मूसच्या शिकाऱ्यांत अँकरेजच्या बार्नीज दुकानाची फ्रेटर फ्रेम अजून टिकून आहे, कारण हाडासकट मूसची तंगडी बांधायला उघडी फ्रेमच सोयीची.

फ्रेमच्या धातूबद्दल होणारी चर्चा मला गरजेपेक्षा जास्त वाटते. कार्बन आणि टायटॅनियम दोन-तीनशे ग्रॅम वाचवतात. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, वाकलं तर सरळ करता येणारं. परतीच्या खेपेत फरक पडतो तो फ्रेम उभ्या भाराला किती ताठ आणि चालताना कमरेच्या हालचालीला किती मोकळी, याचा. पूर्ण सॅकचं वजन दोन ते सव्वातीन किलोंमध्ये असतं. जी हलकी सॅक तीस किलोंखाली वाकते, तिनं वाचवलेला किलो खांदे व्याजासकट परत देतात.

किंमत साधारण पाचशे ते आठशे डॉलर. पैसे कमी असतील तर चांगली जुनी सॅक घ्यावी. त्यात फ्रेम सरळ आहे का आणि कंबरपट्ट्याचा फोम दाबल्यावर पुन्हा फुगतो का, हे दोनच प्रश्न निर्णायक आहेत. फाटलेलं कापड शिवता येतं. मेलेला फोम जिवंत होत नाही.

पारखायचं कसं

रिकामी सॅक दुकानातल्या आरशापुढे घालून काही कळत नाही. तिच्यात तीस किलो भरावेत आणि तासभर चढ-उतार करावा. पाण्याचे कॅन सर्वांत बरे. वर पोचल्यावर पाणी ओतून दिलं की उतरताना गुडघे वाचतात. पण लोड शेल्फची परीक्षा घ्यायची तर वाळूची पोती लागतात, कारण ती मांसासारखी घसरतात. पहिली दहा मिनिटं सगळ्याच सॅक चांगल्या वाटतात. चाळिसाव्या मिनिटाला खांदा जळतोय की नाही, कंबरपट्टा घसरतोय की नाही, हे बघायचं.

आणि स्वतःचीही पारख करायची. अमेरिकी लष्कराच्या मार्गदर्शनात लढताना शरीराच्या वजनाच्या तीस टक्के आणि कूच करताना पंचेचाळीस टक्के ओझं, अशी मर्यादा सुचवली आहे. म्हणजे सत्तर किलोंच्या तरुण, सराव केलेल्या सैनिकाला कूच करताना सुमारे एकतीस किलो. कितीही महाग सॅक ही मर्यादा पुसत नाही. तिच्या आत राहून चालणं सुसह्य करते, इतकंच. जड खेपेपेक्षा एक खेप जास्त, हाच सुज्ञ हिशोब.

आपल्या डोंगरांत

सह्याद्रीत मांस वाहायचं नाही, पण पाणी, दोर आणि माणसांच्या मदतीचं साहित्य वाहायचं असतं. उन्हाळ्यात किल्ल्यावरची टाकी आटलेली असली की दोघातिघांचं पाणीच पंधरा किलोंवर जातं. डोंगरात अपघात झाला की बचावाला जाणाऱ्या गिर्यारोहकांच्या पाठीवर दोर आणि स्ट्रेचर असतं. गडसंवर्धनाच्या कामाला जाणारे तरुण सिमेंट, पहारी, घमेली वर नेतात. ही सगळी ओझी मांसासारखीच आहेत: लहान, जड, वेडीवाकडी. त्यांच्यासाठी ताठ फ्रेम आणि पाठीला लागून बांधायची जागा असलेली सॅक हवी. आपल्याकडच्या गटांनी सगळ्यांत मिळून अशा दोन-चार फ्रेम घेऊन ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

एका गोष्टीत मात्र आपला प्रश्न रॉकी पर्वतापेक्षा कठीण आहे. सॅकच्या कापडाला आतून दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो; तो चिकट होतो, वास मारतो आणि पोपडे धरतो. कोरड्या मोंटानात वर्षानुवर्षं टिकणारी सॅक मुंबई-कोकणच्या चार पावसाळ्यांत निकामी होऊ शकते. पावसाळी ट्रेकहून आल्यावर ती उलटी करून सावलीत खडखडीत वाळवावी आणि बंद कपाटात कोंबून ठेवू नये.

सगळा आढावा घेतल्यावर माझा क्रम असा लागतो: पहिलं माप, मग फ्रेम आणि कंबरपट्टा, मग मांसाची जागा, मग शिवण, मग कापड, मग वजन, आणि कप्पे सर्वांत शेवटी. पैसे याच क्रमानं घालावेत. पण या क्रमाच्याही आधी एक निर्णय असतो, आणि तो सॅक घेताना नाही, नेम धरताना घ्यावा लागतो: हे जनावर इथे पडलं तर ते सगळं, वाया न घालवता, माझ्या पाठीनं बाहेर निघेल का? दरीच्या तळाशी, गाडीपासून बारा किलोमीटरवर, एकट्या माणसासाठी बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असतं. तिथे बंदूक खाली करणारा शिकारीच खरा जबाबदार शिकारी. जीव घेण्याचा अधिकार कायद्यानं परवान्यात दिला आहे. त्या जिवाचं ओझं शेवटच्या किलोपर्यंत वाहून आणणं ही त्या अधिकाराची अट आहे. चांगली सॅक ती अट पाळायला मदत करते, म्हणूनच ती निवडताना इतका विचार करायचा.